चिनी चहा : किंमत पानाची आणि नावाची



काल या व्यासपीठावरून उपनिषदांचा विचार झाला आणि उद्या देशाच्या अर्थकारणाचा होणार आहे. मधली संध्याकाळ चालकांनी चहाला दिली, यात त्यांनी क्रम बरोबर साधला असे मी म्हणेन. उपनिषदांकडून अर्थकारणाकडे जाताना मराठी माणूस वाटेत एकदा चहाला थांबतोच.

मात्र आजचा चहा अमृततुल्याच्या पातेल्यातला नव्हे. आले-वेलदोडा घालून दुधासाखरेत उकळलेल्या त्या चहाशी माझे कसलेही भांडण नाही. रोज सकाळी मी तोच घेतो. मला बोलायचे आहे ते चीनमध्ये पिकणाऱ्या आणि दुधावाचून प्यायच्या चहाविषयी, तो ज्या भांड्यांतून करतात त्या भांड्यांविषयी, आणि तेही अगदी बाजारहाटाच्या अंगाने. पूर्वी हा चहा कोणी बोटीने जाऊन आला तरच दृष्टीस पडे. आता तसे राहिलेले नाही. कुनमिंगला किंवा ग्वांगझोऊला एखादे जोडपे दोन खोल्यांत दुकान मांडून बसते, वसंतात गावोगाव फिरून चार-दोन पोती चहा घेते, त्याची छायाचित्रे आणि वर्णने ऑनलाइन लावते, आणि जगात कोणीही घरबसल्या पन्नास ग्रॅमची पुडी मागवू शकतो. आपल्यासारख्या बेताच्या मिळकतीच्या माणसाने अशा दुकानातून काय घ्यावे, कशाला पैसे मोजावेत आणि कशाला मोजू नयेत, एवढाच माझा विषय आहे.

चहा या शब्दातच चीन आहे. चिनी भाषेत त्याला 'चा' म्हणतात. पोर्तुगिजांनी मकावहून तो 'चा' म्हणूनच नेला. डचांनी फुजियानच्या किनाऱ्यावरचा 'ते' हा उच्चार उचलला आणि त्याचे पुढे इंग्रजीत 'टी' झाले. आपल्याकडे शिकलेली मंडळी 'चहा' म्हणतात आणि खेड्यातला माणूस 'च्या' म्हणतो. त्याचा उच्चार मुळाला अधिक जवळचा आहे, हे त्याला हसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. लोणच्याची बरणी आपल्याच देशात भाजलेली असली तरी आपण तिला 'चिनी मातीची' म्हणतो. म्हणजे चहा आणि भांडे, दोन्हींची नावे आपण त्याच घरातून उसनी आणली आहेत.

मुंबईचा या चहाशी असलेला संबंध याहून जवळचा, पण तितकासा अभिमानाचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांना चहा हवा होता आणि चिनी व्यापाऱ्यांना त्याबद्दल चांदी हवी होती. चांदी बाहेर जाऊ नये म्हणून मुंबई बंदरातून कापूस आणि माळव्याची अफू कँटनला जाऊ लागली. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती याच व्यापारातली. त्यांच्या नावाचे रुग्णालय आणि कलाशाळा मुंबईत आजही उभी आहेत. या अफूपायी 1839 ते 1842 या काळात युद्ध झाले. लंडनच्या दिवाणखान्यात पेला किती पेन्सांना पडला याचा हिशेब पुष्कळांनी मांडला, पण कँटनच्या गल्लीत अफूने किती संसार बुडाले ते त्या हिशेबात कोणी धरले नाही. चहाच्या किमतीत चहाखेरीज बरेच काही मिसळलेले असते, आणि ते मिसळणारा प्रत्येक वेळी विकणाराच असतो असे नाही.

याचे एक उदाहरण मला फार उद्बोधक वाटते. रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटलंडचा वनस्पतितज्ज्ञ. ईस्ट इंडिया कंपनीने 1848 मध्ये त्याला चीनमध्ये धाडले ते चहाची रोपे, बी आणि कसबी माणसे हिंदुस्थानात आणण्यासाठी. डोके भादरून, पाठीवर वेणी सोडून, चिनी वेषात तो परकीयांना बंदी असलेल्या मुलखात हिंडला. हिरवा चहा आणि काळा चहा ही दोन निरनिराळी झाडे, अशी तोवर युरोपात पुष्कळांची समजूत होती. झाड एकच, फरक पानावरच्या संस्काराचा, हे त्याने डोळ्यांनी पाहून सांगितले. आणि आणखी एक गोष्ट त्याने पाहिली. हिरवा चहा भाजणाऱ्या कामगारांचे हात निळे होते. परदेशी जाणाऱ्या चहाला प्रशियन निळा रंग आणि जिप्समची भुकटी चोळण्याचे काम तिथे उघडपणे चालले होते. शंभर पौंड रंगीत चहामागे इंग्रज किंवा अमेरिकन गिऱ्हाईक अर्ध्या पौंडाहून अधिक रंग आणि जिप्सम पोटात घालते, असा त्याचा हिशेब. गंमत अशी की चिनी माणूस स्वतः हा चहा पीत नसे. परदेशी गिऱ्हाइकाला पाने एकसारखी हिरवीनिळी दिसलेली आवडतात ना, मग देऊ त्याला तशी, असा साधा व्यवहार होता.

ही लबाडी झाली यात शंका नाही. परंतु तिची मागणी कोणी केली? ज्याला चहा कळत नव्हता आणि रंग तेवढा कळत होता, त्याने. आज निळा रंग राहिलेला नाही, गिऱ्हाईक मात्र आहे. आता त्याला रंगाऐवजी नाव लागते आणि वय लागते. 'राजाला जाणारा चहा', 'हजार वर्षांच्या वृक्षाचा चहा', 'पन्नास वर्षे मुरलेला चहा' असे काही लिहिलेले दिसले की त्याचा हात खिशाकडे जातो.

आमच्या ओळखीचे एक सेवानिवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी पुएर चहाची एक वडी बत्तीस हजार रुपयांना घेतली. पुएर हा युन्नान प्रांतातला चहा. तो वाफवून, दाबून त्याच्या चकत्या करतात, एकेक चकती 357 ग्रॅमची, आणि अशा सात चकत्यांची एक थप्पी बांबूच्या सालपटात बांधतात. मास्तरांच्या वडीवर 7542 असा आकडा होता, आणि विकणाऱ्याने "ही पंच्याहत्तरची" असे सांगितले होते. आता हा आकडा कसा वाचायचा ते ऐका. पहिले दोन अंक म्हणजे ते मिश्रण प्रथम कोणत्या साली ठरवले ते वर्ष. तिसरा अंक पानाच्या प्रतीचा. चौथा कारखान्याचा, दोन म्हणजे मेंगहाय. म्हणजे 1975 साली ठरलेल्या पाठाप्रमाणे मेंगहायच्या कारखान्यात केलेली वडी. ती गेल्या वर्षी दाबलेली असली तरी तिच्यावर 7542 असेच छापणार! घरी नातवाने वेष्टन उलटून पाहिले, तर मागे बारीक टायपात 2013 हे वर्ष स्वच्छ छापलेले होते. विकणारा पूर्ण खोटे बोलला होता काय? मिश्रण पंच्याहत्तरचे होतेच की. मास्तरांची मात्र दीड महिन्याची पेन्शन गेली, आणि त्याहून वाईट म्हणजे घरात चहाचे नाव काढायची सोय राहिली नाही.

पुएरच्या बाबतीत हे एकट्या मास्तरांचेच झालेले नाही. या शतकाच्या आरंभी चीनमध्ये पुएरच्या वड्या शेअरांसारख्या विकत घेऊन साठवण्याची लाट आली, भाव चढत गेले, आणि 2007 मध्ये बाजार कोसळला. हौसेने घर भरलेले लोक वड्या मोजत बसले. तेव्हा वयाचे पैसे मोजणे हा चहा पिणाऱ्याचा व्यवहार नव्हे, सट्टेवाल्याचा आहे. आणि सट्टाच करायचा तर त्याला आपल्याकडे अधिक जुनी साधने उपलब्ध आहेत.

मग चहाची न्याय्य किंमत कशावर ठरते? मुख्यत्वे माणसाच्या हातावर. हांगझोऊचा लोंगजिंग हा हिरवा चहा घ्या. चिनी पंचांगात छिंगमिंग नावाचा दिवस 5 एप्रिलच्या सुमारास येतो, म्हणजे आपल्या चैत्राच्या आसपास. त्याच्या आधी खुडलेले पान सर्वांत महाग. मग 20 एप्रिलच्या सुमाराच्या गूयूपर्यंतचे त्याखालोखाल, आणि नंतरचे स्वस्त. चार दिवसांनी भाव उतरतो तो उगाच नव्हे. आरंभीचे कोंब चिमुकले आणि थोडे असतात. निवळ कोंबांच्या चहाला अर्ध्या किलोमागे पन्नास हजारांच्या घरात कोंब लागतात, आणि ते सारे हातांनी, बहुधा बायकांच्या हातांनी, एकेक करून खुडलेले असतात. पुढे ऊन वाढले, पान मोठे झाले, की त्याच वेळात पाटी लवकर भरते.

हे एकदा लक्षात आले की स्वस्ताई तपासण्याचा एक गज हाती येतो. फुजियानमधल्या थोंगमू गावी 2005 मध्ये 'जिन जुन मेई' नावाचा केवळ कोंबांचा तांबडा चहा प्रथम तयार झाला आणि बघता बघता त्याचे नाव झाले. (आपण ज्याला काळा चहा म्हणतो त्याला चिनी लोक तांबडा म्हणतात. ते पाण्याचा रंग पाहतात, आपण पानाचा.) आता कोणी हा चहा शेंगदाण्याच्या भावात देऊ लागला, तर तो काय विकतो आहे? खुडणाऱ्या बाईची मजुरीदेखील ज्यात निघत नाही, त्या भावात ते पान असूच शकत नाही. पुडीत एखादा बरा तांबडा चहा असेलही. खोटे आहे ते नाव. वूयी पर्वतातल्या 'दा होंग पाओ'चे तर असे आहे की त्याची म्हणून दाखवली जाणारी जुनी झुडुपे खडकाच्या कपारीत मोजून सहा आहेत, आणि त्यांची तोडणी 2006 पासून बंद आहे. बाजारात त्या नावाने जे मिळते ते त्याच परिसरातल्या झुडुपांचे, बहुधा मिश्रण. ते उत्तम असू शकते. पण 'मूळ झाडाचे पान' असे कोणी लिहिले असेल, तर पुढचे वाक्य वाचायची आवश्यकता नाही.

उलट, ज्यांना नाव नाही असे चहा पाहा. फुजियानच्या फूडिंगचा पांढरा चहा: त्यातले रुपेरी कोंब महाग, पण त्याच झाडाची मोठी, थोडी खडबडीत पाने 'शोउमेई' या नावाने विकतात, ती स्वस्त. दिसायला आपल्या परसातल्या पाचोळ्यासारखी. पाणी मात्र गोड, सौम्य, आणि उकळवले तरी कडू न होणारे. युन्नानचा तांबडा चहा, 'द्यानहोंग', हा मूळचा फंगछिंग भागातला. तो 1938-39 च्या सुमारास, युद्धकाळात, निर्यातीसाठी म्हणून करायला घेतला. याच्या मधल्या प्रती आपल्या जिभेला पहिल्या दिवसापासून रुचतात, कारण युन्नानचे मोठे पान आणि आसामचे पान एकाच जातीचे आहे. आणि तिसरा भट्टीचा पुएर. कच्चा पुएर मुरायला वर्षे लागतात, म्हणून 1973 मध्ये कुनमिंगच्या कारखान्यात पानांचे ढीग ओले करून, झाकून, आठवडे न् आठवडे ऊब देऊन मुरवण्याची रीत बसवली गेली. आपल्याकडे खताचा खड्डा कसा तापतो ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही क्रिया निराळी समजावून सांगायला नको. याचा रंग कॉफीसारखा, वास पहिल्या पावसात भिजलेल्या लाकडासारखा. काहींना तो वास पहिल्यांदा सोसत नाही, हेही सांगून ठेवतो.

या तिन्हींत कोणाला फसवावे असे वाटण्याइतका पैसा नाही. स्वस्त शोउमेई खरी असू शकते. स्वस्त जिन जुन मेई खरी असू शकत नाही. माझ्या सगळ्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे.

आता लहान दुकान ओळखायचे कसे? लहान म्हणून ते प्रामाणिक असे मी म्हणत नाही. लबाडीला मोठी जागा लागत नाही. पण लहान दुकानदाराने चहा स्वतः पाहून घेतलेला असतो, आणि ते त्याच्या लिहिण्यात दिसते. कोणते वर्ष, कोणता हंगाम, कोणता तालुका, कोंब किती आणि पान किती, हे तो सांगतो. भिजून उलगडलेल्या पानाचे छायाचित्र देतो. कोरड्या पानाला नटवता येते, पण भिजलेले पान अखंड आहे की चुरा, कोवळे आहे की जून, ते लपत नाही. पंचवीस ग्रॅमची वानगी देतो. आणि मुख्य म्हणजे आपल्याच मालाचा दोष लिहितो: 'हा चहा चौथ्या पाण्यानंतर उतरतो', 'यात धुराचा वास आहे, सर्वांना आवडणार नाही'. असे वाक्य दिसले की मला त्या माणसाविषयी भरवसा वाटू लागतो. याउलट चहाने साखर उतरते, चरबी झडते, आयुष्य वाढते असे जिथे लिहिलेले असेल, तिथे आपण चहाच्या दुकानात नसून वैदूच्या पालापाशी उभे आहोत असे समजून पुढे चालू लागावे.

सवलतीच्या मालाबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण आपण मंडळी सवलतीपुढे फार लवकर विरघळतो. गतवर्षीचा हिरवा चहा अर्ध्या किमतीत मिळतो तो त्याचा तजेला गेलेला असतो म्हणून. तो घेऊ नये. गतवर्षीचा पांढरा किंवा भट्टीचा पुएर मात्र खुशाल घ्यावा, त्याचे वर्षभरात काही बिघडत नाही. किंबहुना नव्या भट्टीच्या पुएराला असलेला ढिगाचा वास थोडा कमीच झालेला असतो.

आता हिशेब. समजा, साध्या भट्टीच्या पुएराची 357 ग्रॅमची वडी टपालखर्चासह 1,800 रुपयांना पडली. आकडा ऐकून कपाळाला आठ्या पडतील, कारण आपण मनातल्या मनात तो किलोच्या भावात मोजतो आणि पाव किलो पुडीशी ताडून पाहतो. परंतु आपली नेहमीची पूड म्हणजे पान यंत्रात चिरडून, फाडून, वळवून केलेले दाणे. आसामात 1930 च्या सुमारास ही रीत निघाली. ते दाणे एका उकळीत सारे सत्त्व सोडतात आणि मग गाळण्यातून थेट झाडांच्या कुंडीत जातात. अखंड पानाचे तसे नाही. शंभर मिलिलिटरच्या लहान भांड्यात सात ग्रॅम पान घ्यावे, उकळते पाणी ओतावे, दहा-पंधरा सेकंदांत काढावे. मग पुन्हा ओतावे. भट्टीचा पुएर अशी आठ पाणी सहज देतो. सात ग्रॅमप्रमाणे वडीच्या एक्कावन बैठका झाल्या. बैठकीस पस्तीस रुपये. दोघांचा तासभराचा चहा, दूध नाही, साखर नाही, गॅसही एकदाच.

पण थांबा. आपल्या देशात परदेशी चहावर मूळ सीमाशुल्कच शंभर टक्के आहे. पार्सल अडकले की पस्तीसाचे सत्तर झाले असे धरून चालावे. आणि खाद्यवस्तू म्हणून ते अडून राहण्याचाही संभव असतो. विदेशातले आपले मराठी बांधव हा चहा सुखाने मागवत. अमेरिकेत राहणाऱ्यांची तीही सोय 2025 मध्ये आखडली, कारण चीनहून येणाऱ्या लहान पार्सलांना असलेली करमाफी त्या वर्षी काढून घेतली गेली. म्हणून शुल्काचा आकडा आधी किमतीत मिळवावा आणि मग घ्यायचे की नाही ते ठरवावे. आणि ज्यांना नुसते शिकून पाहायचे आहे त्यांनी पहिले सहा महिने आपल्याच देशातल्या चिनी झुडुपांचा चहा घ्यावा. कोड्यात बोलत नाही. दार्जिलिंगला 1841 मध्ये डॉ. कँपबेल यांनी जे बी लावले ते चिनी जातीचे, आणि हिमाचलातल्या कांगड्याचे मळेही मूळचे चिनी रोपांचेच. त्यांच्या अखंड पानावर हात बसवता येतो आणि सीमाशुल्काचा अधिकारी मध्ये येत नाही.

भांड्यांकडे येतो. इथे सर्वांत अधिक पैसा वाया जातो. चहापेक्षाही अधिक, असे माझे मत आहे, कारण भांडे दिसते आणि पाहुण्यांना दाखवता येते.

लागते ते एकच: झाकणाचा वाडगा, चिनीत 'गायवान'. वाडगा, वर झाकण, खाली बशी असे तीन नग, शंभर ते एकशेवीस मिलिलिटरचे. पान आत, पाणी वर, झाकण किंचित तिरके करून फटीतून ओतायचे. गाळणे लागत नाही. घ्यावा तो पांढऱ्या चिनी मातीचा. जियांगशी प्रांतातले जिंगदेझेन हे या मातीचे माहेरघर. तिथल्या गाओलिंग टेकडीच्या नावावरूनच जगभर या मातीला केओलिन म्हणतात. पांढऱ्या, तकतकीत भांड्याला स्वतःचा वास नाही, चव नाही, ते आज हिरवा आणि उद्या पुएर तितक्याच तटस्थपणे करते. चहा वाईट असला तर तसे स्पष्ट सांगते. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. काठ बाहेरच्या बाजूस चांगला पसरलेला असावा, नाहीतर बोटे भाजतात. अंगठा आणि मधले बोट काठावर, तर्जनी झाकणाच्या बोंडावर, अशी ती पकड आहे. आणि झाकण वाडग्याच्या आत बसणारे असावे, वर टेकणारे नको. वेलबुट्टीचे पैसे देऊ नयेत.

दुसरे भांडे मला फार आवडते ते त्याच्या नावासाठी. वाडग्यातला चहा सरळ पेल्यांत ओतला तर पहिल्याला पाणचट आणि शेवटच्याला कडू मिळतो. म्हणून सगळा चहा आधी एका लहान चंबूसारख्या भांड्यात ओततात आणि मग वाटतात. त्याला चिनी लोक 'गोंगदाओ बेई' म्हणतात, म्हणजे न्यायाचा पेला. ते विकत घ्यायचे कारण नाही. घरातला चोचीचा कोणताही काचेचा पेला तो न्याय करील. पाणी सांडायला कोरीव लाकडी तबक दाखवतात, त्याऐवजी आपले स्टीलचे ताट अधिक स्वच्छ राहते.

आणि मग तो प्रसिद्ध यीशिंगचा तांबूस-जांभळ्या मातीचा चहाचा चंबू. त्याला इतिहास आहे. मिंग घराण्याच्या पहिल्या सम्राटाने 1391 मध्ये दरबारासाठी चहाच्या दाबलेल्या वड्या करणे बंद करून सुटे पान पाठवण्याचा हुकूम काढला. पूर्वी चहा कुटून त्याची पूड घुसळत. सुटे पान आले तसे ते भिजवायला भांडे हवे झाले, आणि पुढे यीशिंगच्या कुंभारांचे दिवस आले. ही माती चकाकी न देता भाजतात. अस्सल हातकामात चाक नाही. मातीचे पत्रे थापून, कापून, जोडून चंबू घडवतात, आणि एकेकाला दिवस लागतात. गू जिंगझोऊ (1915–1996) या कारागिराच्या चंबूंना लिलावात कोट्यवधी रुपयांच्या बोली लागल्या आहेत. मग हजार-बाराशे रुपयांत, टपालासह, 'अस्सल, हातघडणीचा, जुन्या खाणीतल्या मातीचा' चंबू कसा येईल? तो साच्यातला असतो. साच्यातला असण्यात पाप नाही, पण मातीचे काय? या चंबूंच्या मातीत रंगासाठी रसायने मिसळली जातात, असे 2010 मध्ये चीनच्याच सरकारी दूरचित्रवाणीने दाखवले आणि तिकडे मोठी खळबळ झाली. चकाकी नसलेल्या भांड्यात रोज उकळते पाणी ओतून ते प्यायचे आहे, हे लक्षात घ्या. बेताच्या पैशात चांगला पांढरा वाडगा येतो, चांगला यीशिंग चंबू येत नाही. ज्याला हौस आहे त्याने पैसे साठवून पुढे कधीतरी एकच घ्यावा, कुंभाराचे नाव सांगणाऱ्याकडून.

हेही ज्यांना जड वाटते त्यांच्यासाठी चीनमधलीच एक गोष्ट. हा वाडगा, हे पेले, हा सगळा थाट रोज कोण करतो? तिकडचा मोटारचालक किंवा कचेरीतला कारकून उंच काचेच्या बाटलीत चिमूटभर पान टाकतो, वर गरम पाणी ओततो, आणि संपत आले की पुन्हा भरतो. पान तळाशी बसते. वर आले तर फुंकर घालून बाजूला सारतो. दिवसभर तेच चालते. त्याला ना दुकान लागते ना व्याख्यान.

साठवणीविषयी दोन शब्द, कारण आपला पावसाळा चीनहून लिहून आलेल्या सूचनांत नसतो. पुएर उघडा ठेवून मुरवा असे तिकडे सांगतात. कोकणात किंवा मुंबईत आषाढात तो उघडा ठेवाल तर श्रावणात त्यावर बुरशीची पांढरी लव येईल. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. तो डबा स्वयंपाकघरात मुळीच नको. चहा हिंगाचा वास किती वेगाने उचलतो ते एकदा पाहिलेला माणूस पुन्हा विसरत नाही. पुस्तकांच्या कपाटात त्याला चांगले मानवते. हिरवा चहा मात्र हवाबंद करून थंड जागी ठेवावा आणि दसऱ्याच्या आत संपवावा.

बाहेर पाणी उकळले आहे असे चालक मघापासून खुणावीत आहेत. मी दोन वाडगे आणले आहेत. एकात शोउमेई आहे, दुसऱ्यात भट्टीचा पुएर. पेले बाराच आहेत, तेव्हा पहिल्या रांगेने आधी यावे आणि मग मागच्या रांगांनी क्रमाने. पान तेच राहील, पाणी बदलत जाईल. पुएराचे पहिले पाणी आपण ओतून देणार आहोत, त्यामुळे पुढे बसलेल्यांना फार लाभ झाला असे मागच्यांनी मानू नये. चौथे-पाचवे पाणी सर्वांत चांगले असते. साखर ठेवलेली नाही.